नद्या कोणाजवळ आहेत

आमचे गुरुजी इतिहास-भूगोलाच्या तासाला वर्गाकडे पाठ करून बसत. गणिताच्या नि भाषेच्या तासाला ते इतर मास्तरांसारखेच फळ्याजवळ उभे असत, खडू मोडत, मुलांवर ओरडत. पण इतिहास, भूगोल किंवा नागरिकशास्त्र निघालं की ते लाकडी खुर्ची उचलत, दाराकडे तोंड करून ठेवत, पिशवीतून अंबाडीचा वाख काढत आणि दोरी वळायला बसत. मागे बारा मुलं काय करताहेत हे ते पाहत नसत. तास संपेपर्यंत वीतभर दोरी झालेली असे.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते असंच, मागून. नोकरीचा माझा पहिला दिवस होता. अब्बांची आरमोरीत शिलाईची दुकानदारी. ते दुकान बंद ठेवून मला सोडायला आले होते. बसमधून उतरून धानाच्या बांधांवरून वीसेक मिनिटं चालल्यावर शाळा. शाळा म्हणजे एक लांबट खोली आणि पुढे व्हरांडा. मधे भिंत नव्हती, दोन लोखंडी कपाटं आडवी लावून दोन वर्ग केले होते. पहिली-दुसरी मला मिळणार होती, तिसरी-चौथी गुरुजींकडे. आम्ही गेलो तेव्हा तिसरीची मुलं व्हरांड्यात पाढे लिहीत होती आणि चौथीची आत नुसती फिरत होती. एक इकडून उठून तिकडे, दुसरी तिकडून उठून इकडे, सगळ्यांचं बोलणं एकदम. आणि गुरुजी दाराकडे तोंड करून दोरी वळत होते. अब्बा मला बाजूला घेऊन म्हणाले, माणूस भला दिसतो, पण वर्ग तुलाच सांभाळावा लागेल बेटी, याच्यानं होत नाही.

मलाही तसंच वाटलं. मग दुसऱ्या आठवड्यात मी त्यांना भूगोलाचं पुस्तक कापताना पाहिलं.

तेव्हा पुस्तकं पुस्तकपेढीची असत. शाळेच्या मालकीची, जूनमध्ये द्यायची आणि एप्रिलमध्ये मोजून परत घ्यायची. गुरुजींनी बारापैकी अकरा पुस्तकं कपाटात ठेवली, कुलूप लावलं आणि किल्ली माझ्या हातात दिली, कारण खडूचे डबेही त्याच कपाटात होते. उरलेलं एक पुस्तक त्यांनी टेबलावर उघडून ठेवलं आणि दाढीच्या ब्लेडनं त्याची पानं सोडवली. आपल्या जिल्ह्याच्या माहितीचे त्यांनी बारा भाग केले. जंगल, पिकं, खनिजं, रस्ते, हवा, लोक, बाजार, असे. प्रत्येक भाग खळीनं जुन्या वहीच्या पुठ्ठ्यावर चिकटवला आणि एकेका मुलाच्या हातात दिला. ज्याच्याजवळ जो पुठ्ठा, तो भाग त्याचा. बाकीच्या अकरांनी तो त्याच्याकडून ऐकून घ्यायचा. गुरुजी सांगणार नाहीत, पुस्तक मिळणार नाही.

शुक्रवारी ते प्रश्न विचारत. पण ज्याचा भाग त्याला कधीच नाही. पिकांचा पुठ्ठा ज्याच्याजवळ त्याला ते खनिजं विचारत. त्याला आलं नाही तर त्याला बोलत नसत, खनिजंवाल्याला उभं करत आणि म्हणत, "तुह्यं याच्यापर्यंत पोचलं नाई. अजून सांग त्याले." पोरगं बिचारं रडकुंडीला येई. त्यानं तर सगळं पाठ केलेलं असे.

मी नुकतीच डी.एड. करून आले होते. पाठ टाचण, उद्दिष्टं, शैक्षणिक साधनं, सगळं माझ्या वहीत नीट चौकटी आखून लिहिलेलं होतं. त्यात पुस्तक कापण्याचं कुठेच नव्हतं. मी त्यांना विचारलं की गुरुजी, हे तुम्ही का करता. ते म्हणाले, पोरांच्या पिशव्या जड होतात बाई. दोन दिवसांनी सरपंच त्यांना तेच विचारत होते, तेव्हा मी ऐकलं की पुस्तकं यंदा कमी आली म्हणून असं करावं लागलं. आणि दिवाळीनंतर केंद्रप्रमुख तपासणीला आले, त्यांनी पुठ्ठ्याचे तुकडे हातात घेऊन विचारलं, तर गुरुजी शांतपणे म्हणाले की एक पुस्तक उंदरांनी कुरतडलं, वाया जाऊ नये म्हणून चिकटवून घेतलं. केंद्रप्रमुखांनी कडेचा सरळ ब्लेडनं कापलेला काठ बोटानं पाहिला. नंतर माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या दुसरीच्या मुलांना उगाच उभं राहायला सांगितलं.

गुरुजी शेजारच्या गावाहून सायकलनं येत. पण सायकलवर बसलेलं मी त्यांना फार थोड्या वेळा पाहिलं. रस्त्यात कोणी पायी भेटला की ते उतरत आणि सायकल ढकलत त्याच्याबरोबर चालत. त्या रस्त्यावर कोणी ना कोणी पायी असेच. लोक वैतागत, कारण गुरुजींबरोबर चालायचं म्हणजे बोलावं लागे आणि कोणत्याही गोष्टीचं सरळ उत्तर मिळत नसे. बस गेली काय असं कोणी विचारलं तर ते म्हणत, "कोनाजवळ आहे ते पाहा," म्हणजे ज्याला माहीत असेल त्याला जाऊन विचारा. मी एकदा हजेरीपट कुठे आहे म्हणून विचारलं तर मलाही तेच. हजेरीपट त्यांच्याच काखेत होता.

गावातल्या लोकांना ते आळशी वाटत. मलाही बरेच दिवस तेच वाटत होतं. एकदा चौथीतल्या प्रमोदचे वडील शाळेत आले. गावात सगळ्यात जास्त धान त्यांच्याकडे पिके. त्यांचं म्हणणं असं की माझ्या पोराला नद्या शिकायच्या तर त्या मंगलाकडून शिकायच्या, हे काय आहे. मंगलाचे वडील दुसऱ्यांच्या धानाच्या बांध्यांत मजुरीला जात आणि गावच्या बोडीत, म्हणजे लहान तळ्यात, मासे धरत. प्रमोदच्या वडिलांनी हे मोठ्यानं म्हटलं नाही, पण काय म्हणायचं होतं ते मला आणि गुरुजींना दोघांनाही समजलं. त्यांनी कपाटातलं एक पुस्तक मागितलं. गुरुजी म्हणाले, "पुस्तक न्या ना पाटील. पन नद्या त्याले तिच्याजवळूनच घ्या लागन. मी तिलेच विचारन, पोचल्या का म्हनून."

पाटील पुस्तक न नेताच गेले. रागानं गेले की विचारात पडून गेले, मला कळलं नाही.

या मंगलाबद्दल सांगायला हवं. दहा वर्षांची, बारीक, केस नेहमी तेल लावून घट्ट ओढलेले. जूनमध्ये तिला वाचता येत नव्हतं. चौथीत आलेली मुलगी, पण अक्षरं जोडताना अडत होती आणि कोणी पाहिलं की गप्प होत होती. तिला नद्यांचा भाग का दिला, हे मी गुरुजींना विचारलं होतं. ते म्हणाले, हातात जो आला तो दिला. आता गंमत अशी की नद्या सगळ्यांना हव्या होत्या; शुक्रवारी नद्यांवर प्रश्न येणारच. तेव्हा मुलांनीच तिला वाचायला बसवलं. माझ्या बाजूनं कपाटांच्या फटीतून मला दिसे: चार मुलं तिच्याभोवती, एकाचं बोट पुठ्ठ्यावर आणि तिचे ओठ हलताहेत. वैनगंगा. गाढवी. खोब्रागडी. कठाणी. प्राणहिता. इंद्रावती. गोदावरी. प्रमोद सगळ्यात जास्त चिडे आणि सगळ्यात जास्त वेळ बसे. पोळ्यापर्यंत ती अडत अडत वाचायला लागली. दिवाळीनंतर एका शुक्रवारी गुरुजींनी प्रमोदला विचारलं, प्राणहिता कुठे मिळते, आणि त्यानं बरोबर सांगितलं, तेव्हा मंगला जागेवरच दोन्ही हात तोंडावर घेऊन हसली. मी मुद्दाम पाहिलं. गुरुजी तेव्हाही दाराकडेच पाहत होते.

पण नद्यांचा तो अर्धाच भाग होता. पुठ्ठ्याच्या मागच्या बाजूला उरलेला मजकूर होता, कोणती नदी कुठून येते, कुठे जाते, कोणत्या नदीच्या काठी कोणतं गाव. तो संक्रांतीनंतर घ्यायचा होता.

संक्रांत झाली नि मंगलाच्या घरचे आंध्रात मिरची तोडायला गेले. धान कापून झालं की आमच्या भागातली बरीच घरं जात. ट्रक येई, गावातली माणसं, भांडी, कोंबड्या, पोरं, सगळं एकात बसून निघे. मंगलाही गेली. पुठ्ठा घेऊन गेली.

मी गुरुजींना म्हटलं, कपाटात अकरा पुस्तकं आहेत, एक काढू. ते म्हणाले नाही. मी म्हटलं मग नद्यांचं काय. ते म्हणाले, "तिच्याजवळ आहेत. येतीन तिच्यासंग." मी म्हटलं, ती परीक्षेनंतर आली तर. ते वाख ओला करायला बाहेर गेले.

फेब्रुवारी गेला. शुक्रवारी गुरुजी सगळे भाग विचारत आणि नद्यांपाशी आले की थांबत, एक श्वास घेत, आणि पुढच्या भागावर जात. मुलंही त्या जागी गप्प होत. मला ते पाहवत नसे. कधी वाटे, हा हट्टी म्हातारा मुलांचं नुकसान करतोय. कधी वाटे, मला समजत नाही असं काहीतरी चाललं आहे आणि मी मधे बोलू नये. रोज बसमध्ये मी एका बाजूनं विचार करत जाई आणि परतताना दुसऱ्या बाजूनं.

मार्चच्या शेवटी केंद्रप्रमुखांनी मला केंद्रावर बोलावलं आणि सांगितलं की यंदा चौथीचा पेपर केंद्राचा असणार, नद्यांवर प्रश्न आहे, आणि शाळेचा निकाल खराब आला तर गुरुजींचं काही होणार नाही, त्यांची दोनच वर्षं राहिली आहेत, तुमची सुरुवात आहे. ते रागानं बोलले नाहीत, काळजीनंच बोलले.

पुढच्या आठवड्यात गुरुजींना दोन दिवस तालुक्याला निवडणुकीच्या कामाला जावं लागलं. दोन्ही वर्ग माझ्याकडे आले. पहिल्या दिवशी मी काही केलं नाही. दुसऱ्या दिवशी कपाट उघडलं, पुस्तक काढलं, चौथीला समोर बसवलं आणि नद्या शिकवल्या. फळ्यावर नकाशा काढला, निळ्या खडूनं नद्या, पांढऱ्यानं गावं. चांगलं शिकवलं. डी.एड.च्या पाठासारखं शिकवलं. मुलं शांत बसून ऐकत होती, लिहून घेत होती. एका तासात झालं. मला आठवतं, शेवटी मी विचारलं की कुणाला काही शंका, तर एका मुलीनं विचारलं, "मॅडम, मंगला आल्यावर तिले काय सांगाचं?" मी म्हटलं, तिलाही येईलच की. हे काही उत्तर नव्हतं, हे मला तेव्हाही माहीत होतं.

शुक्रवारी गुरुजींनी प्रश्न विचारले. नद्यांपाशी आले, नेहमीसारखे थांबले, आणि त्या थांबण्यातच प्रमोदनं सांगून टाकलं. सगळं, उगमापासून. गुरुजींनी खुर्चीत वळून त्याच्याकडे पाहिलं.

"कोनाजवळून घेतलं?"

"मॅडमजवळून."

गुरुजींनी मान हलवली. मग कपाटाच्या पलीकडून मला ऐकू येईल असं म्हणाले, "बरं झालं." एवढंच. मी ते "बरं झालं" पुढे किती दिवस उलटंपालटं करून पाहिलं असेल, सांगता येत नाही. ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

परीक्षा झाली. आमच्या शाळेतल्या एकाही मुलानं नद्यांचा प्रश्न कोरा सोडला नाही. केंद्रप्रमुखांनी मला मीटिंगमध्ये उभं करून शाबासकी दिली, आणि गुरुजींनी सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्या.

मंगला एप्रिल संपता संपता आली. शाळा सकाळची झाली होती, निकालाची तयारी चालली होती, मुलं नुसती येऊन बसत. ती आली तेव्हा चेहरा काळवंडलेला, मिरचीनं बोटांची टोकं सोललेली. हातात प्लास्टिकच्या पिशवीत, वर दोरा गुंडाळून, पुठ्ठा. तिनं दप्तर ठेवलं नाही. सरळ चौथीच्या मुलांसमोर उभी राहिली, पुठ्ठा काढला, मागची बाजू वर केली आणि वाचायला लागली. अडत नव्हती. पहिलं वाक्य संपलं आणि प्रमोद म्हणाला, "आमचं झालं ते."

दुष्टपणानं नाही म्हणाला. खरं होतं तेच म्हणाला.

मंगला थांबली. मग म्हणाली, "मी गोदावरी पाह्यली. टरक पुलावरून गेलता." मुलांना ऐकायचं नव्हतं असं नाही, पण शुक्रवार नव्हता, परीक्षा झाली होती, ऐकून काय करायचं हे कोणाला कळत नव्हतं. गुरुजी उठले. त्या वर्षात पहिल्यांदा मी त्यांना घाई करताना पाहिलं. ते तिच्याजवळ गेले नि म्हणाले, "सांग मंगला. कशी आहे गोदावरी? मले नाई माहीत, मी नाई पाह्यली." ती म्हणाली, "मोठी आहे," आणि खाली बसली. गुरुजींनी आणखी दोनदा विचारलं. तिनं मान हलवली. पुठ्ठा तिनं टेबलावर ठेवला आणि घरी जाताना नेला नाही.

आमची शाळा चौथीपर्यंत. पाचवीला मुलं पुढच्या गावी जात. जूनमध्ये अकरा मुलांचे दाखले गेले. मंगलाचा दाखला कोणी न्यायलाच आलं नाही.

त्या जूनमध्ये गुरुजींनी पुस्तक कापलं नाही. उरलेली अकराही पुस्तकं वाटली, फळ्याजवळ उभे राहिले आणि पहिल्या धड्यापासून वाचून दाखवायला लागले. फार कंटाळवाणं वाचत. मुलं पेंगत. मी दोन महिने धीर धरला आणि एका दुपारी, मुलं खेळायला गेली असताना, त्यांना म्हटलं की गुरुजी, तुम्ही तुमची पद्धत माझ्यामुळे सोडली का. मी चुकले का, ते सांगा.

त्यांनी हातातला खडू फळ्याच्या कडेला ठेवला. मग म्हणाले, "पद्धत कशाची बाई. मी पहिल्यांदाच करून पाहून राह्यलो होतो."

मी वर्षभर समजत होते की हे यांचं जुनं, मुरलेलं काहीतरी आहे.

"सव्वीस वर्षं मीच बोललो," ते म्हणाले. "मागच्या सालच्या उन्हाळ्यात वाटलं, आपन चूप राहून पाहू. बसवत नव्हतं नुसतं, तोंड फिरवून बसलो. पाठीमागे काय चाललं ते पाहाची लय इच्छा होये, म्हनून हाताले काम घेतलं. तुम्ही चुकल्या का मी चुकलो, मले नाई समजलं. ती पोरगी ट्रकात बसली त्या दिवशीच मी पुस्तक काहाडाले पाह्यजे होतं, असं बी वाटते. अन् नाई काहाडलं ते बरं केलं, असं बी वाटते."

"मग आता का नाही करत?"

"भेव वाटते," ते म्हणाले.

दोन वर्षांनी ते निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी गावानं त्यांना शाल दिली. भाषणात सरपंच म्हणाले की गुरुजी शिस्तीचे होते. त्यानंतर ते फार जगले नाहीत. पावसाळ्यात तापानं गेले असं मला उशिरा कळलं. त्यांच्या गावी मी गेले नाही. काय म्हणून जायचं होतं, ते मला ठरवता आलं नाही.

पुढे आम्हाला प्रशिक्षणं आली. गट करा, मुलांनी मुलांकडून शिकावं, शिक्षकानं मागे राहावं, असे तक्ते भिंतीवर लागले. एका प्रशिक्षणात अनुभव सांगायला मला उठवलं. मी उठले आणि म्हटलं, आमच्या शाळेत एक गुरुजी होते. पुढे काय सांगावं ते ठरेना. ही यशाची गोष्ट आहे की फसलेली, हे आधी सांगावं लागणार होतं. मी म्हटलं, ते खूप चांगले होते, आणि बसले.

मंगला मला परत भेटली ती आरमोरीच्या बाजारात, बारा-तेरा वर्षांनी. मी भाजी घेत होते, तर मागून कोणीतरी म्हटलं, मॅडम, ओळखलं काय. डोळ्यांवरून ओळखलं. अंगानं भरली होती, सोबत पाच-सहा वर्षांची मुलगी. इकडचंतिकडचं बोलून झाल्यावर मी तिला म्हटलं की इतकी वर्षं मला तिला एक सांगायचं होतं. तू नसताना तुझ्या नद्या मी शिकवल्या, ते मी करायला नको होतं. तू त्यामुळे शाळा सोडलीस असं मला वाटत राहिलं.

ती गोंधळून माझ्याकडे पाहत राहिली. मग तिला आठवलं.

"नाई मॅडम. मले भाऊ झाला होता तवा. माय कामावर जाये, मी त्याले धरो." मग ती म्हणाली, "तुम्ही सांगून टाकल्या होत्या नद्या, ते गावात आल्याबरोबर आयकलं तं मले हलकं वाटलं होतं. तो पुठ्ठा हरवन म्हनून मले लय भेव वाटे. सारे वाट पाहून राह्यले असन, असं वाटे. मायनं एकदा चूल पेटवाले घेतला तं मी तिले चावली होती."

"मग तू सांगायला का उभी राहिलीस?"

"आनला होता ना एवढ्या दुरून," ती म्हणाली.

म्हणजे मी इतकी वर्षं ज्याचं ओझं बाळगत होते ते तिच्याकडे कधी नव्हतंच, आणि जे तिच्याकडे होतं ते आम्हा दोघांपैकी कोणालाच, मला किंवा गुरुजींना, दिसलं नव्हतं. मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. बाजारात भोवताली लोक आमच्यामुळे वळसा घालून जात होते.

मंगलानं मुलीला पुढे केलं. यंदा हिला शाळेत घालायची आहे, म्हणाली. गुरुजी आहेत का अजून, म्हणून विचारलं. मी सांगितलं, नाहीत. ती हळहळली. मग म्हणाली, "तसा दुसरा कोनी मास्तर आहे काय मॅडम, इकडे? हिले तशाच्याजवळ टाकाची आहे."

मी म्हटलं, "आत्ताच तर म्हणालीस, भीती वाटायची."

"हो, वाटे," ती म्हणाली. "पन तसाच पाह्यजे."

मी आमच्या केंद्रातल्या एकेक शाळा मनात आणून पाहिल्या. कोण कसं शिकवतं, कोण किती बोलतं. माझीही शाळा आली मनात, आणि तिथे मी थोडी जास्त थांबले. मी तिला म्हटलं, मला जरा विचार करावा लागेल.

ती बरं म्हणाली. पोरीचा हात धरला, पिशवी खाली ठेवली, आणि माझा विचार होईपर्यंत तिथेच उभी राहिली.